अर्धा एकर गाजर

मला हवाई दलात वैमानिक होता आलं नाही, ते गाजरामुळे. गेली पंचवीस वर्षं आमच्या घरात हे असंच सांगितलं जातं आणि मीही ते कधी दुरुस्त केलेलं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मुलींना वैमानिक म्हणून घ्यायला सुरुवात होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचा भाजीपाल्याचा मळा गंगापूर रोडच्या पार टोकाला. ओझरच्या बाजूने येणारी लढाऊ विमानं डोक्यावरून जायची आणि मी मान वर करून मेथीची निंदणी करायचे (म्हणजे तण सोडून मेथी उपटायचे). बी.एस्सी. झाल्यावर अर्ज भरला, म्हैसूरला पाच दिवसांच्या चाचण्या दिल्या आणि चक्क निवडले गेले. उरली फक्त बंगलोरची वैद्यकीय तपासणी, दोन महिन्यांनी. वयाची अट बघता पुन्हा संधी नव्हती.

इथून पुढे सूत्रं घरच्यांनी हातात घेतली.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकच धास्ती होती: डोळे. आमच्या घराण्यात सगळ्यांना चष्मा. दादांनी तर एकदा चष्मा नसताना बांधावरच्या बुजगावण्याला "या, चहा घ्या" म्हटलं होतं आणि ते आलं नाही म्हणून चार दिवस राग धरला होता. माझे डोळे ठणठणीत होते, पण ते दादांना पुरेसं नव्हतं.

"आज हायेत. बंगलोरला जाईपर्यंत राहतील कशावरून?"

त्या हिवाळ्यात मळ्यात अर्धा एकर गाजर होतं. सकाळी गाजराचा रस, दुपारी कोशिंबीर, रात्री भाजी, शिवाय येता-जाता खायला ओढणीत बांधलेली दोन. हलवा मात्र बंद. औषधाला साखर लावायची नसते, असं दादांचं मत होतं.

महिनाभराने फुलं न्यायला आलेल्या शेजारच्या सिंधूमावशींनी माझा हात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"काय वो ताई," त्या आईला म्हणाल्या, "पोरीला हळद लावली आन् आमाला कळवलं पण नाय?"

आई गडबडली. दादा तर घाबरलेच. "हळू बोला मावशी. अर्जात अविवाहित लिहिलंय."

पण तळहात खरंच पिवळे झाले होते. तळपायही. नाकाचा शेंडासुद्धा.

"हळद नाय तर मग कावीळ," मावशींनी निकाल दिला.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. माझा विषय वनस्पतिशास्त्र होता. गाजरातल्या रंगद्रव्यावर मला शेवटच्या वर्षी प्रश्न आला होता आणि मी तो आकृतीसह सोडवला होता. तरीही कावीळ म्हटल्यावर मी मोरीत जाऊन ढसाढसा रडले. रडून झाल्यावर म्हटलं, "डॉक्टरकडे जाऊ या."

"अजिबात नाय," दादा म्हणाले. "डॉक्टरकडं गेलं की कागदावर येतं, आन् कागदावर आलं की बंगलोरला कळतं."

मग आम्ही एसटीने पेठच्या बाजूला गेलो. तिथले एक म्हातारे बाबा कावीळ उतरवतात अशी ख्याती होती. बाबांनी माझ्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या.

"हिला कावीळ नाय. डोळं पांढरं हायेत. काय खाती पोरगी?"

"घरचंच. भाजी-भाकरी," आई म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. गाजर आमच्या लेखी अन्न नव्हतंच, औषध होतं. मीही मान डोलावली.

दादांनी हात जोडले. "तरी पण उतरवाच बाबा. इतक्या लांब आलोय."

बाबांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग उसाचा रस पाजा. त्यानं कोणाचं वाईट होत नाय."

झालं. दिवसाला तीन ग्लास रस सुरू. काविळीत विश्रांती हवी, म्हणून माझं धावणं बंद. डोळ्यांचं औषध थांबवायचा तर प्रश्नच नव्हता, म्हणून गाजर चालू. गाजर चालू म्हणून हात पिवळे. हात पिवळे म्हणून रस सहा ग्लास.

बंगलोरला गणवेशातल्या डॉक्टरीणबाईंनी माझे हात नुसते लांबून पाहिले.

"गाजर खाती हो?"

"जी."

"कितना?"

"आधा एकड."

त्या हसत सुटल्या. डोळे तपासले, उत्तम. रक्त तपासलं, कावीळ नाही. मग मला वजनकाट्यावर उभं केलं आणि त्यांचं हसू थांबलं. सात किलो जास्त!

"छह हफ्ते देती हूँ," त्या म्हणाल्या. "कम करके आओ."

घरी आले तर दादा ओट्यावर डोकं धरून बसले. दुसऱ्या दिवसापासून घरातला रस बंद झाला आणि रोज संध्याकाळी मी मळ्यातून निघून गंगापूर रोडने धावायला लागले. दादा हातात घड्याळ घेऊन फाटकाशी उभे राहायचे आणि मी घामाघूम परतले की आईला ओरडून सांगायचे, "आज तासभर पळाली बघ!"

सहा आठवड्यांनी बंगलोरचा काटा दोन किलो जास्त दाखवून थांबला. परतीच्या गाडीत मी मनमाड येईपर्यंत रडत होते.

दादांनी त्यानंतर मळ्यात गाजर लावलं नाही. मी बँकेत चिकटले. दादा आता ऐंशीच्या घरात आहेत. डोक्यावरून विमान गेलं की अजून म्हणतात, "माझ्या गाजरानं तुझा घात केला गं पोरी." मी घाईघाईने विषय बदलते. कारण संध्याकाळच्या त्या तासातली वीसच मिनिटं मी पळत असायचे. बाकीची चाळीस कोपऱ्यावरच्या रसवंतीत जायची. मला रसाची चटकच लागली होती. दोन ग्लास, आलं-लिंबू घालून, बर्फ कमी. मी लांबून दिसले की रसवंतीवाला चरकात ऊस घालायचा.

हे मी पहिल्यांदाच कबूल करते आहे. छापून आलं की दादा वाचायला मागणारच. म्हणून त्यांचा चष्मा मी आजच लपवून ठेवला आहे.