आईचा गाळा गेला

मंडळी, आज आमच्या किनाऱ्यावरच्या नव्या बाजाराचं उद्घाटन झालं. धंदा वाढावा म्हणून पंचायतीने सांगितलं होतं, जुन्या टपऱ्या काढा, मासळीवाल्यांना पहिले गाळे आणि करात सूट देऊ. सरपंच आमच्याच आळीतला. त्याच्या शब्दावर आईने सगळ्यांत आधी आपली मासळीची टपरी मोडली.

आज ती नवं लुगडं नेसून गेली, तर सगळे गाळे बाहेरच्या कॅफेवाल्यांना दिलेले!

सरपंच म्हणाला, "मावशे, वासानं पर्यटक पळतील गं. तू पाहुण्यांना ओवाळायला थांब."

त्याने पुढे केलेलं आरतीचं ताट आईने त्याच्याच हातात परत दिलं. "तूच ओवाळ."

उद्यापासून ती टोपली घेऊन रस्त्याकडेला बसणार आहे. परक्याने फसवलं तर भांडता येतं. मावशी म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं, सांगा?