फुंकरमावशी

आबा आयसीयूतून घरी आले त्यानंतर कित्येक महिने आमच्या घराचं दार कधी लागलं नाही, आणि आई कधी त्या दाराबाहेर गेली नाही. दार लावलं की आबांचा जीव गुदमरायचा. आई नजरेआड झाली की आपण परत तिथंच आहोत असं त्यांना वाटायचं. म्हणून आबा खाटेवर, आई खाटेला टेकून खाली, आणि आईच्या पदराचं टोक आबांच्या मुठीत. ती तशीच भाजी निवडायची, तशीच जेवायची. मोरीपर्यंत जायचं तरी "सोडा की जरा, आलेच" म्हणून विनवावं लागायचं, आणि तेवढ्यात आबांची तीनदा हाक यायची, "हाईस न्हवं?"

आमचा धंदा दुधाचा. चार म्हशी, गल्लीच्या तोंडाशी गोठा. सकाळी घरोघरी रतीब, संध्याकाळी कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळलेला पेला हातात द्यायचा. पावसाळा संपता संपता आबांना ताप आला, तो छातीत उतरला आणि एकोणीस दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. वाचले. गल्लीनं पेढे खाल्ले. पण वाचलेला माणूस एकदम सगळा घरी येत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही. पहाटेची धार, रतीब, संध्याकाळची धार, सगळं माझ्यावर आलं. म्हशी मला धड दूध देत नव्हत्या आणि कॉलेज सुटल्यातच जमा होतं. एप्रिलमध्ये परीक्षा, पेपर सकाळचे, नेमके रतिबाच्या वेळेला. चुलते येता-जाता म्हणायचे, "बी.ए. हून काय म्हशींची शाळा काढनार हाईस व्हय?" आईचा पदर सुटला तर आई रतीब घालणार आणि मी पेपराला जाणार. पदर सुटला नाही तर माझं वर्ष गेलं, आणि गेलेलं वर्ष आमच्यासारख्यांच्या घरात परत येत नाही. हिशेब इतका सरळ होता.

जानेवारीतल्या एका दुपारी एक ठेंगणी, पदर खांद्यावर घट्ट टाचलेली बाई दारात उभी राहिली. आयसीयूतली मावशी. पेशंटचे कपडे बदलणं, कूस वळवून देणं, पुसणं ही तिची कामं. आबांचा चष्मा तिथं राहिला होता, तो द्यायला आली होती. तिला बघताच आबांनी पदर दोन्ही हातांनी धरला आणि ते भिंतीला चिकटले.

"हिला भायेर घाल," ते आईला म्हणाले.

मावशी उंबऱ्यातच बसली. "बसतो जरा. गाडीला येळ हाय अजून."

ती हातकणंगल्याची. रोज रेल्वेनं ये-जा करायची. मी तिला तिथंच चहा दिला. तिनं कप तोंडाजवळ नेला, ओठांचा चंबू केला आणि त्यावर एक लांबच लांब फुंकर घातली. मग दुसरी. मग तिसरी. चहा पार गार झाला तरी तिची फुंकर संपेना. मला हसू आलं. आबा मात्र भिंतीकडून मान वळवून तिच्या कपाकडं बघत होते.

पुढच्या गुरुवारी ती परत आली, त्याच्या पुढच्याही गुरुवारी. दर वेळी गाडीला वेळ असायचा. चहाचे चार कप भरायला लावायची, आणि आम्ही सगळ्यांनी फुंकर घातल्याशिवाय कुणाला घोट घेऊ द्यायची नाही. "नाकानं वढायचं, तोंडानं सोडायचं. सोडताना घाई न्हाय. वाफ हलली पायजे, च्या सांडाय नको." रमजानात तिचा रोजा असायचा, तरी ती चौथा कप मागायची, त्यावर फुंकर घालायची आणि तो तसाच आईकडं सरकवायची. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव फुंकरमावशी पाडलं ते तेव्हाच. तिला ते आवडलेलं होतं.

गोळ्या-औषधांत तिनं कधी तोंड घातलं नाही. "त्ये डाक्टरांचं," म्हणायची. पण बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा तिनं पहिल्या महिन्यातच आमच्याकडून काढून घेतला. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा बघायला सांगितलं होतं, आम्ही तासाला चारदा बघत होतो. आकडा एकानं खाली आला की तिघांची तोंडं उतरायची, आणि आमची तोंडं बघून आकडा आणखी उतरायचा. तिनं चिमटा ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर ठेवला आणि सांगितलं, "दोनदा म्हंजी दोनदा. पोरगी शिकल्याली हाय न्हवं? मग तिला दोन म्हंजी किती त्ये ठावं असंल."

शिकलेल्या पोरीनं त्यावर आपली हुशारी दाखवलीच. मी मोबाईलवर एक ध्यान शोधून काढलं. मागं बासरी, पुढं गोड आवाजातली बाई. गुरुवार होता, मावशी यायची होती, तिच्या आधी आपण काहीतरी करून दाखवावं म्हणून मी ते आबांच्या उशाशी लावलं. बाई म्हणाली, डोळे मिटा. आबांनी मिटले. बाई म्हणाली, तुमचे हात जड होत आहेत, पाय जड होत आहेत, आता ते हलवावेसे वाटत नाहीत. आबा असे ओरडले की शेजारचे धावत आले. मोबाईल भिंतीवर आपटला. आईचा पदर खांद्यापाशी टरकला.

मावशी त्या गर्दीतूनच आत आली. काय झालं ते मी रडत सांगितलं.

"तुझी काय चूक न्हाय," ती म्हणाली. "त्या बाईला काय ठावं? अगं, ह्या मानसानं एकोणीस दिस जड हातपायच बघितल्यात. नळी वडून काढत हुतं, म्हनून हात खाटंला बांधल्यालं." मग ती पहिल्यांदाच आबांच्या खाटेजवळ गेली. "आनि बांधलं कुनी? म्या. सिस्टरनं सांगितलं, म्या बांधलं. नळी निघाली असती तर तुमी आज हितं नसता. पर बांधलं म्याच, ह्ये खरं हाय."

आबा हळूच म्हणाले, "म्हंजी खरंच बांधलंतं? ह्या म्हनत्यात तुमाला भास झाला."

भास झाला, हे मीच त्यांना शंभरदा सांगितलं होतं.

"भास न्हवं. मऊ फडक्यानं बांधलंतं. रोज दुपारी सोडून हात चोळत हुतो, त्ये आठवतंय?"

"न्हाय."

"नसू दे. मला आठवतंय."

त्या दिवसापासून आबांनी तिला बाहेर घालायला सांगितलं नाही. आणि ती दर गुरुवारी का येत होती, तेही मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या खेपेला तिनं आबांना विचारलं, "तुमी दुधवालं. म्हस पान्हा कवा सोडती, सांगा बघू."

कित्येक महिन्यांत आबा सलग चार वाक्यं बोलले ती ही. "हात सैल असंल तवा. भ्यालेल्या हाताला म्हस दूध देत न्हाय. वरनं दाबत खाली यायचं आनि सोडायचं. सोडलं न्हाय तर फुडची धार भरतच न्हाय."

"म्हंजी दाबन्यापरास सोडनं म्हत्त्वाचं."

"व्हय की. ह्या पोरीला त्येच जमत न्हाय."

"मग त्यो पदर धरा. नाकानं वडताना दाबा. फुंकर घालताना सोडा. डोळं उघडंच ठेवायचं. डोळं मिटून धार काढतोय व्हय कोन?"

आबांनी पदर दाबला, फुंकर घातली आणि बोटं उघडली. पदर तळहातावर नुसता पडून राहिला. पुढच्या श्वासाला मूठ परत मिटली. पण एका फुंकरीपुरता का होईना, पदर मोकळा होता. आई श्वास रोखून बघत होती.

मावशीनं तेवढंच पकडलं. "ताई, ह्येंच्या छातीकडं बघून बघून तुमी तुमचा श्वास कुटं ठेवलायसा? घाला फुंकर." आई हसली. पहिल्या दोन फुंकरी बऱ्या गेल्या, तिसरीला हुंदका आला आणि मग तो थांबेचना. मावशीनं तिची समजूत वगैरे काढली नाही. मला म्हणाली, "च्या निवला. दुसरा ठेव." त्यानंतर ती आधी आईला विचारायची, मग आबांना. "आजारी यकटं ह्येच न्हाईत," असं म्हणायची.

मार्चमध्ये एकदा मूठ उघडलेली असताना आई उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि पुढच्या श्वासाच्या आत परत येऊन बसली. आबांना ते दिसलं. म्हणाले, "फुडच्या बारीला जाताईसच तर बादली आत घे." मी आत जाऊन तोंडावर टॉवेल धरून हसले. मग आई पाच फुंकरी बाहेर, वीस फुंकरी बाहेर, असं सुरू झालं. मध्येच एके दिवशी गल्लीतून सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स गेली आणि मूठ जी मिटली ती तीन दिवस उघडली नाही. परीक्षा तोंडावर. सगळं गेलं असं मला वाटलं. मावशी म्हणाली, "मूठ हाय, मिटनारच. उघडाय येती न्हवं आता?"

उठताना म्हणाली, "ज्या दिशी मी यायच्या आदी तुमचा च्या झाल्याला असंल, त्या दिसापासनं मी येनार न्हाय. सांगून ठेवतो."

पेपर सुरू झाले. पहिल्या दिवशी आई रतीब घालायला निघाली तेव्हा टरकलेला पदर शिवून तिनं कमरेला खोचला. आबा तिकडं बघत फुंकर घालत होते. मी पेपरात काय लिहिलं, मला आठवत नाही. घरी आले तर आबा घामानं भिजून खाटेवर बसलेले, पण बसलेले. रिकामी मूठ मांडीवर. एकेक पेपर असाच गेला.

शेवटचा पेपर गुरुवारी होता. घरी आले तर दार लागलेलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. दार ढकललं तर खाट रिकामी. तशीच गोठ्याकडं पळाले.

धारेची वेळ नव्हती, तरी आबा थोरल्या म्हशीच्या कुशीला टेकून बसले होते. गुडघ्यांत चरवी, ओठांचा चंबू. एक धार, एक फुंकर. आई बाजूला नुसतीच उभी होती, आणि तिचा पदर कुणाच्याच हातात नव्हता. मला बघून आबा म्हणाले, "बघ आता, सोडायचं कसं त्ये." मग त्याच दुधाचा चहा झाला आणि आम्ही तिघांनी तो तिथंच गोठ्यात बसून प्यायला.

मावशी तिच्या वेळेला आली. गोठ्यात खाली ठेवलेले तीन रिकामे कप तिला दिसले.

"थांबा, मी ठेवते," म्हणून आई गडबडीनं उठली.

"नको." मावशीनं कप उचलून कठड्यावर पालथे घातले. म्हशीच्या पाठीवर थाप मारली. आबांनी चरवी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. तिनं ते जोडलेले हात धरले, मनगटं जराशी चोळली आणि सोडली. "चलतो. आज गाडी गाठतो."

निकालाचे पेढे घेऊन मी दवाखान्यात गेले, तेव्हा ती नोकरी सोडून राज्याच्या सीमेपलीकडं लेकीकडं राहायला गेली होती. पत्ता कुणाकडं नव्हता. सिस्टरनं सहज सांगितलं, "तिची गाडी साडेतीनचीच होती. गुरुवारी मात्र बाई रात्रीच्या एस.टी.नं जायची. का, ते कधी बोलली नाही." पेढे मी तिथल्या बाकावर, आपापल्या माणसासाठी ताटकळत बसलेल्या बायकांना वाटले.

मी बी.ए. झाले, दुसऱ्या वर्गात, आमच्या घरातली पहिली. आबा दोन्ही वेळची धार काढतात. आई दर रविवारी एकटी बाजाराला जाते, आणि जाताना दार ओढून घेते.