गुलाबी घेराचा कोट

मी एकतीस वर्षांची आहे, मुलुंडला राहते आणि बाहुलीसारखे झालरींचे फ्रॉक घालते. आत ताठ पेटीकोट असतो, त्यामुळे घेर छत्रीसारखा उभा राहतो. ज्यांना बघवत नाही त्यांनी बघू नये. गेल्या हिवाळ्यात मनालीला जायचं ठरलं आणि कोटाचा प्रश्न आला.

आमच्या सोसायटीत कोट कोणी विकत घेत नाही. मुंबईत थंडी असते कुठे? दुसऱ्या मजल्यावरच्या किडकिडीत काकांकडे एक कोट आहे, तोच सगळ्यांबरोबर सहलीला जाऊन येतो. आईने तो मागून आणला. मी घातला, तर घेर पार चपटा झाला आणि खालून झालर कोबीच्या पानांसारखी बाहेर आली.

"तिकडे कोण बघतंय गं तुला?" आई म्हणाली.

"मी बघतेय ना!"

मग मी टेलरकडून गुलाबी कोट शिवून घेतला. कमरेत घट्ट बसणारा, खाली घेरदार, कॉलरला लेस. मनालीत झकास दिसले.

महिन्याभराने काका सिमल्याला निघाले. त्यांचा कोट तेव्हा कुणाबरोबर तरी काश्मीरला गेला होता, म्हणून आईने मला न विचारता माझा देऊन टाकला. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला: बर्फ, मिशा आणि लेसची कॉलर. माझं डोकंच फिरलं.

काका कोट परत द्यायला आले, तेव्हा मी भांडायच्या तयारीनेच दार उघडलं. ते हळूच म्हणाले, "बाळा, माझा घेर पडलेलाच राहिला गं. आत काय घालतेस?"