शंभरावर न थांबलेलं मशीन

गावापासून दूर, कापडाच्या या शहरात मी गोडादऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो आणि सुट्टीत कारखान्यांसाठी मोजणीची छोटी सर्किटं बनवतो. मागच्या वर्षी एका शेठकडे मला नेलं ते मूळच्या आमच्याच तालुक्यातल्या, आता इथे नवागामात राहणाऱ्या आबांनी. कापड मोजून ताके गुंडाळणाऱ्या मशीनवर ते काम करायचे. शंभर मीटर भरले की मशीन आपोआप थांबलं पाहिजे, एवढीच शेठची मागणी होती.

घरी टेबलावर मी अर्ध्या मीटर घेराचं चाक घेतलं. चाकाच्या एका फेऱ्याला मायक्रोकंट्रोलरला एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका, प्रत्येक पल्सला लांबीत ०.५ मिळवायचे आणि लांबी बरोबर शंभर झाली की मोटर बंद. वीस वेळा चालवलं, वीसही वेळा थांबलं. कारखान्यातलं चाक मात्र दर दहा सेंटिमीटरला पल्स देणारं निघालं. मी प्रोग्राममध्ये ०.५ च्या जागी ०.१ केलं. एकच आकडा तर बदलला, त्यात पुन्हा काय तपासायचं, असं वाटलं. निघताना आबांना म्हणालो, "आता स्विचला हात लावू नका. आपोआप थांबेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा फोन आला. "मास्तर, ताका एकसौ चालीस पे चला गया. आबा बोलता है, सौ दिखा फिर भी रुका नहीं."

"सर्किट बरोबर आहे, शेठ. कुणाचा तरी हात लागला असेल," मी म्हणालो.

"वहाँ आबा के सिवा कौन है? झूठ बोलता है बुड्ढा. आज से उसकी छुट्टी."

फोन ठेवला आणि मला घरात बसवेना. गॅलरीत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. बायको म्हणाली, "पोहे गार झाले. असं घर मोजत फिरण्यापेक्षा एकदा तपासून का बघत नाही?"

मी टेबलाशी बसलो. हजार पल्स दिले. पडद्यावर १००.० आलं. मोटर फिरतच राहिली. पुढच्या पल्सला १००.१.

पडद्यावर मी दशांशाचं एकच स्थळ ठेवलं होतं. पाच स्थळं दाखवायला लावली, तेव्हा हजाराव्या पल्सला ९९.९९९०५ दिसलं. एक तृतीयांश जसा दशांशात कधी पुरा लिहून होत नाही, तसा एक दशांश या यंत्राच्या शून्य आणि एकच्या लिखाणात पुरा बसत नाही. अर्धा बसतो, म्हणून घरी सगळं जुळलं होतं. इथे प्रत्येक बेरजेत कणभर चूक साठत गेली, आणि मी लिहिलं होतं की लांबी बरोबर शंभर झाली तरच थांब. ती झालीच नाही. आबा खरं बोलत होते. मी हात लावू नका म्हटलं, म्हणून ते आकडे पुढे पळताना बघत उभे राहिले होते.

'शंभर किंवा जास्त' असं लिहिलं असतं तर मशीन थांबलं असतं, पण दर ताक्याला दहा सेंटिमीटर कापड जादा गेलं असतं. तेही मला चालणारं नव्हतं. अपूर्णांकाची तुलनाच काढून टाकली. पल्स पूर्णांकात मोजायचे, हजार झाले की बंद. या वेळी शंभर ताक्यांएवढे पल्स देऊन पाहिले. दुपार झाली होती. स्कूटर काढली.

शेठसमोर उभं राहून म्हणालो, "चूक माझी होती. आबांची नाही."

"बच्चों को भी ऐसा ही पढ़ाते हो, मास्तर?" शेठ हसला. आबांचं काय, असं मी दोनदा विचारलं, तेव्हा म्हणाला, "बोल दो उसको, आ जाए."

नवागामात आबा दाराबाहेर खाटेवर बसले होते. आत सून भांडी घासत होती, मुलगा आडवा पडला होता. मी सगळं सांगितलं, शेठला फोनवर काय म्हणालो तेसुद्धा. ऐकून आबांनी विचारलं,

"म्हणजे मी खोटा नई ना?"

"नाही, आबा. खोटा मी पडलो."

"मंग जरा जोरमा सांग, मास्तर. मझार बी आयकू जाऊ दे. सकायपाईन पोऱ्या मन्हासंगे बोलना नई."

मी दारात जाऊन उभा राहिलो आणि आतल्या दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं.