मृगाच्या फोटोतली शिंक

आमच्या घराण्यात कॉलेजाची पायरी चढलेला मी पहिला. हैदराबादेहून बी.एस्सी. होऊन हिंगोलीजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन धोतरं, थोडी पुस्तकं आणि काचेच्या प्लेटांवर फोटो घेणारा एक जुना कॅमेरा होता. तो आमच्या विज्ञानाच्या प्राध्यापकांनी निरोपाच्या दिवशी मला दिला. "तुमच्या गावात वीज नाही ना? मग आकाश काळंभोर असेल. त्याचा उपयोग करा," असं ते म्हणाले होते. शेळ्यामेंढ्या राखणाऱ्याच्या पोराला कुणी अशी वस्तू देतं, हे मला आजही खरं वाटत नाही.

मला फोटो हवा होता तो मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा. मृगाच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण असतो, त्याच्या खाली एक धुरकट ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे वायूचा प्रचंड ढग आहे, हे मी कॉलेजात शिकलो आणि त्या दिवसापासून मला चैन पडेना.

अडचण एकच होती. एवढ्या अंधूक वस्तूसाठी कॅमेऱ्याचं झाकण अर्धा तास उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात आकाश सरकतं. तारे ठिपक्यांसारखे न उमटता रेघांसारखे उमटतात. म्हणून कॅमेराही आकाशाबरोबर हळूहळू फिरवायला हवा. मी गोठ्याच्या दाराच्या दोन फळ्या काढल्या आणि त्या एका बाजूने बिजागरीने जोडल्या. दुसऱ्या बाजूला एक लांब स्क्रू बसवला. तो जरा जरा पिळला की वरची फळी उचलली जाई आणि तिच्यावरचा कॅमेरा ताऱ्यांच्या मागे जाई. बिजागरी ध्रुवाकडे रोखलेली हवी. आमच्याकडे ध्रुव फार खाली, बाभळीच्या शेंड्याशी दिसतो. तेवढा कल देण्यासाठी फळीखाली आईचा वरवंटा सरकवला. चूक कळावी म्हणून बाजूला पत्र्याच्या नळीची दुर्बीण बांधली आणि तिच्यात दोन केसांची फुली लावली. तारा फुलीवर ठेवायचा आणि स्क्रू पिळत राहायचं.

दार नसलेल्या गोठ्यातून वासरू रोज स्वयंपाकघरात येई. वडील म्हणत, "बी.एस्सी. झालं, आन् घराचं दार गेलं."

पण याचे परिणाम वासरापुरते राहिले नाहीत. दिवेलागणीनंतर मास्तर घराच्या छतावर, माळवदावर बसून नळीतून बघतो, ही बातमी पंचक्रोशीत गेली. मी तेव्हा मिडल स्कुलात मास्तर होतो. दोन ठिकाणांहून आलेली सोयरीक मोडली. एका ठिकाणी तर "मुलगा चांगला हाय, पर डोकं वर गेलंय," असं स्पष्ट सांगितलं गेलं.

तिसरं स्थळ पुसेगावकडचं होतं. मुलगी बघायला आम्ही गेलो, तेव्हा रिवाजाप्रमाणे तिला विचारलं की लिहिता-वाचता येतं का. तिने येतं म्हणून सांगितलं आणि मग मान वर करून मलाच विचारलं, "ढगाचा फोटो घेऊन काय कळंल?" घरी येईपर्यंत बैलगाडीत मी त्याचंच उत्तर जुळवत होतो. लग्न करायचं तर हिच्याशीच, असं मी आईला सांगून टाकलं.

पौषातल्या एका संध्याकाळी मी माळवदावर बसून प्लेट उघडली होती. चांगल्या प्लेटांपैकी ती शेवटची. नेमके तेव्हाच मुलीचे वडील आणि तिचे मामा न कळवता आले. नरसीला दर्शनाला गेले होते, येता येता पोराचं डोकं तपासावं असा त्यांचा विचार असावा. आईने खालून सांगितलं, "पाहुणे आलेत रे!" आणि ते दोघे शिडीवरून थेट वरच आले.

माळवद मातीचं. कुणी चाललं की हादरे बसत. मी दुर्बिणीवरचा डोळा न काढता ओरडलो, "हलू नका! फोटो चालू आहे!"

दोघे जागच्या जागी थांबले. मग फार सावकाश खाली बसले. मामांनी पटका नीट केला, मुलीच्या वडिलांनी उपरणं खांद्यावर घेतलं आणि दोघांनी हात गुडघ्यांवर ठेवले. मला वाटलं, किती समजूतदार माणसं आहेत! माझ्या कामासाठी श्वाससुद्धा आवरून बसली आहेत.

त्या काळी फोटो म्हणजे ताठ बसायचं आणि पापणी हलवायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपलाच फोटो निघतोय अशी त्या दोघांची समजूत झाली होती, आणि मी स्क्रू पिळण्यात गढलो होतो.

बऱ्याच वेळाने मामांचा दबका आवाज आला, "दाजी, डब्याचं तोंड वर काहून हाय?"

"नवी तऱ्हा असंल. गप बसा, दात दिसतील."

"लई वेळ लागून राहिला."

"दोघांचा हाय. येळ लागणारच."

मग मुलीच्या वडिलांचा श्वास अडखळू लागला. थंडी होती आणि माळवदावर वाळलेल्या कडब्याची धूळ होती. मामा घाईघाईने कुजबुजले, "दाजी, न्हाई! सोयरिकीच्या कामाला आलो आपुन! शिंकू नका!"

त्यांनी फार जोर लावून आवरलं. दोनदा आवरलं. तिसऱ्यांदा अशी शिंक आली की खाली गोठ्यातली शेळी ओरडली. माळवद हललं. वरवंटा घसरला आणि दुर्बिणीतला तारा फुलीवरून उडून गेला.

"झालं!" मामा उभे राहिले. "नवरीच्या बापाचीच शिंक. उठा."

"आता मुद्दाम शिंकलो काय मी?"

"मुद्दाम शिंकलं तर ते शिंकणं न्हाई, दाजी. हेच खरं शिंकणं."

मी उरलेला वेळ स्क्रू पिळत राहिलो. दुसरं काय करावं ते मला कळेना. आईने त्यांना कसंबसं जेवायला थांबवलं. वरवंटा वर, म्हणून चटणी नव्हती, आणि हेही मामांनी मनात धरलं. सकाळी निघायचं ठरलं. सोयरिकीचं नाव कुणी काढलं नाही.

धान्याच्या खोलीत कंदिलाला लाल कापड गुंडाळून मी ती प्लेट धुतली. तेजोमेघ आला होता! पंख्यासारखा पसरलेला, अगदी स्पष्ट. मला नाचावंसं वाटलं आणि त्याच वेळी रडूही येत होतं.

सकाळी पाहुणे बैल जुंपत होते. मी काच घेऊन उन्हात गेलो. काचेवर सगळं उलटं दिसतं, तारे काळे आणि आकाश पांढरं.

मुलीच्या वडिलांनी काच डोळ्यांपाशी धरली. "आमी कुठं हाव?"

"तुमचा नव्हता फोटो. आकाशाचा होता."

"मंग अर्धा घंटा आमी दगडावानी काहून बसलो?"

मी मान खाली घातली. ते मात्र काचेकडेच बघत राहिले. "मास्तर, हे सगळे दोन-दोन काहून हायेत?"

शिंकेनंतर कॅमेरा सरकला होता. म्हणून प्रत्येक तारा दोनदा उमटला होता, एक मोठा आणि त्याला खेटून एक बारका. मी प्रामाणिकपणे सांगू लागलो, "ही माझी चूक आहे. वरवंटा घसरला आणि..."

आईने मागून माझं धोतर ओढलं. "तू गप रे."

मुलीच्या वडिलांचा चेहरा उजळला. "म्हणजे शिंकेच्या आधी ह्ये समदे एकटे व्हते?"

"एकटेच."

"आन् शिंकल्यावर जोडी लागली?"

"तसं नाही, ते..."

"व्हय की न्हाई, तेवढं सांगा."

"व्हय," मी म्हणालो. वैज्ञानिकदृष्ट्या ते खोटंही नव्हतं.

त्यांनी काच मामांपुढे धरली. "बघा. एका शिंकेत आभाळाची लग्नं लावली म्या."

मामांनी बराच वेळ काच फिरवून पाहिली. त्यांना खोट काढायचीच होती. "एक मोठा, एक बारका हाय पन."

"तुमची आन् आमच्या वहिनीची जोडी कशी हाय?"

मामी मामांपेक्षा चांगल्या हातभर उंच होत्या. मामांनी काच परत दिली. "पोरीला दाखवतो," एवढं म्हणून मुलीच्या वडिलांनी ती उपरण्यात गुंडाळली. माझी एकुलती प्लेट चालली होती, पण आईने माझं धोतर अजून सोडलं नव्हतं.

आठवडाभर मला जेवण गेलं नाही. मग मामा एकटेच आले, काच परत घेऊन. पोरीने ती उजेडात धरून फार वेळ पाहिली होती. जोड्यांबद्दल ती काहीच बोलली नव्हती. मधला ढग मात्र तिला फार आवडला होता.

"होकार हाय," मामा जरा नाखुशीनेच म्हणाले. "पन तिनं सांगितलंय, पुढच्या बारीला पावन्यांना माळवदावर चढू द्यायचं न्हाई. त्यातबी माझ्या बापाला."