सतरावं पान

दाभणाचं टाळकं एरवी साडेनवाला, कामावर पाय ठेवल्यावर तापायचं. दाभण म्हणजे सरकारी छापखान्यातला बाइंडर. जाड सुईचं नाव त्याला उगाच पडलं नव्हतं. माणूस उंच, सरळ, आणि तोंड उघडलं की टोचणार. एकतीस वर्षं त्याच्याकडे एक खास काम होतं. आपला देश आणि शेजारचा मित्रदेश यांच्यात जे जे करार व्हायचे ते शिवायचे, पुठ्ठ्यात घालायचे, वर मखमल चढवायची. कापसाचा करार, विजेचा, मासळीचा, रेल्वेच्या रुळांचा. प्रत्येकाच्या दोन प्रती, आणि जी प्रत ज्या देशाकडे जाणार तिच्यात त्या देशाचं नाव आधी, म्हणजे कुणाला रुसायला जागा नको. या मानपानात आजवर एकदाही घोळ झाला नव्हता.

"इकडचा कापूस तिकडे जातो, तिकडची मासळी इकडे येते. तिला कुणी विचारतं का, की बाई, तू परत जाणार ना?" हे त्याचं रोजचं तुणतुणं. बायकोला ते पाठ झालं होतं. "अहो, जेवताना तरी त्या मासळीला सोडा," ती म्हणायची.

पण त्याच्या संतापाला कारण होतं. त्याची थोरली बहीण लग्न होऊन मित्रदेशात गेलेली. आई लवकर गेली तेव्हा ताईनेच त्याला वाढवलं. सुईत दोरा ओवायलाही तिनेच शिकवलं. गेल्या वर्षी तिला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी भाच्याला स्पष्ट सांगितलं होतं. दाभणाने तीनदा व्हिसा मागितला आणि तिन्ही वेळा एकच छापील ओळ हातात पडली: अर्जदार परत येईल याची खात्री पटत नाही. घर इथे, बायको इथे, नोकरी इथे. या वयात तो काय तिकडे लपाछपी खेळायला राहणार होता? तळपायाची आग मस्तकात जाणार नाही तर काय होईल?

मग हा नवा करार आला. मैत्री आणि व्यापार वाढवण्याचा, चोवीस पानांचा, एकाच बाजूला छापलेला. बाइंडरने मजकूर वाचायचा नाही असा छापखान्याचा नियम, आणि दाभणाने तो कधी मोडला नव्हता. पण सतराव्या पानावर 'नातेवाईक' हा शब्द दिसला आणि सुई थांबली. सख्ख्या नातेवाइकाला भेटायला जाणाऱ्याला तीन दिवसांत व्हिसा मिळेल, पुढच्या महिन्यापासून. त्याने ते पान चारदा वाचलं. घरी जाऊन भाच्याला फोन लावला. "तिच्या कानाशी धर," म्हणाला. "ताई, पुढच्या महिन्यात येतोय. पक्कं."

सह्यांच्या दिवशी सकाळी आठलाच मंत्रालयातले साहेब छापखान्यात हजर, दाभणालाही घरून बोलावून घेतलेलं. तिशीचे, कडक इस्त्रीचे.

"काका, एक पान काढायचंय. सतरावं, दोन्ही प्रतींतलं. अकराला सह्या आहेत."

"का?"

"एकमत झालं नाही. पुढच्या बैठकीत बघू म्हणतायत. पानांवर आकडे नाहीत, कुणाला कळणारही नाही."

दाभणाच्या कानशिलाची शीर ताडताड उडायला लागली. पुढची बैठक म्हणजे वर्ष, दोन वर्षं. तोवर ताईला थांबायला कोण सांगणार? हे साहेब?

"शिवलेल्यातून एक पान निघत नसतं," तो म्हणाला. "या आठ-आठ पानांच्या घड्या आहेत. सतरावं आणि चोविसावं म्हणजे एकाच कागदाचे दोन अर्धे. सतरावं मुळातून कापलंत तर चोविसावं सुटं होऊन हातात येईल. आणि सह्या चोविसाव्यावरच आहेत."

साहेबांचा चेहरा उतरला. "मग?"

इथे त्याला गप्प बसता आलं असतं. सांगितलं तसं मुळातून कापायचं, आणि अकरा वाजता सगळ्या कॅमेऱ्यांसमोर मंत्र्यांच्या हातात पान सुटून येताना बघायचं. हा विचार त्याच्या मनात आला आणि गोडही वाटला. पण एकतीस वर्षांत वाकडं काम त्याच्या हातून झालं नव्हतं, तेच नडलं.

"बोटभर पट्टी ठेवून कापायचं," तो म्हणाला. "पट्टी राहिली की पलीकडचं पान धरून राहतं."

त्यानेच पोलादी पट्टी लावली, त्यानेच सुरी फिरवली. पट्ट्या शेजारच्या पानांना अशा चिकटवल्या की बोट फिरवूनही समजू नये. कापलेलं एक पान घडी करून खिशात घातलं. अकरा वाजता टीव्हीवर दोन्ही मंत्री सह्या करून गळ्यात गळे घालत होते आणि चोविसावं पान जागचं हललं नव्हतं. बांधणी झक्क झाली होती. दाभणाने टीव्ही बंद केला आणि चहाचा कप भिंतीवर आपटला.

चार दिवसांनी तो चौथा अर्ज घेऊन वकिलातीच्या खिडकीशी उभा राहिला. अर्जाबरोबर त्याने ते पानही आत सरकवलं. खिडकीतल्या बाईने ते नीट, शेवटपर्यंत वाचलं.

"हे करारात नाहीये, दादा."

"होतं. मीच कापलंय."

"का कापलंत?"

"साहेबांनी सांगितलं म्हणून."

बाईने पान त्याच घडीवर दुमडलं आणि अर्जासकट बाहेर सरकवलं. "मलाही साहेबांनीच सांगितलंय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याने काच हादरवून सोडली असती. भांडणाची सगळी तयारी करून आलेला माणूस तसाच मागे फिरला.

बाहेर पायरीवर बसून त्याने फोन लावला.

"मामा, बरं झालं फोन केलात," भाचा म्हणाला. "आई रोज डाव्या हाताने कॅलेंडर दाखवते, किती दिवस राहिले ते खुणेने विचारते. थांबा, कानाशी धरतो."

"ताई, येणं होत नाही गं," तो म्हणाला. "ते पान कापलं गेलं." मग त्याला स्वतःचीच चीड आली. "गेलं नाही. मी कापलं."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मग भाच्याचा आवाज आला, खालच्या पट्टीत. "मामा, मग कॅलेंडर काढून ठेवू का?"

"काढ," दाभण म्हणाला. "पण ती झोपल्यावर काढ."