ताईंनी शिकवलेलं उत्तर

सर्व्हरचा क्लास लावायची कल्पना ताईंची. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करायच्या. लग्न होऊन मी करमाळ्याहून जुळे सोलापुरात आले आणि घरात नुसती बसून राहिले, तेव्हा त्याच म्हणाल्या, "कॉम्प्युटरचा डिप्लोमा काय भिंतीवर टांगायला केलास? चल माझ्याबरोबर."

शनिवार-रविवार आम्ही त्यांच्या स्कूटीवरून जायचो. सर शिकवायचे ते थोडक्यात असं: दोन सर्व्हर, दोघांत मिळून एकच स्टोरेज, म्हणजे माहिती साठवायची जागा. एक बंद पडला की दुसऱ्यानं काम उचलायचं, वापरणाऱ्याला पत्ताही लागता कामा नये. सराव म्हणून सर चालू सर्व्हरची वायर ओढायला लावायचे. ताई खुशाल ओढायच्या. मी आधी दोनदा सरांना विचारून घ्यायचे.

एक गोष्ट काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नव्हती. दोन्ही सर्व्हर चालू आहेत, फक्त त्यांच्यातला संपर्क तुटलाय, मग काय? घरी मेथी निवडता निवडता ताईंनी समजावलं. "आमटी एकच. मला वाटतं तू घरात नाहीस, तुला वाटतं मी नाही. दोघी मीठ घालणार. गेली की आमटी! म्हणून आधी दुसऱ्या सर्व्हरला बंद करायचं, तो खरंच बंद झालाय ना बघायचं, मगच स्टोरेजला हात लावायचा."

पुढे एका हॉस्पिटलात जागा निघाली. एकच. अर्ज दोघींनी केला. मुलाखतीला ताई आधी आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. चेहरा उतरलेला. "येत होतं गं, तोंडच उघडेना," म्हणाल्या. मग माझा हात धरून हळूच, "संपर्क तुटल्याचं विचारतायत. नीट सांग."

मी आमटीसकट सगळं सांगितलं. समोरचे हसले. एकानं विचारलं, "उदाहरण तुमचंच का?"

"नाही, आत्ता येऊन गेल्या ना, त्यांचं."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

नोकरी मला लागली. त्या संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात ताईंशी कानडीत बोलत होत्या. सासरची ही बोली मला आता कळते, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. "वाट तू दाखवलीस, नि नोकरी तिला."

"मला सुचलं नाही, त्यात तिचा काय दोष?" ताई म्हणाल्या.

ताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पेढ्यांचा पुडा तसाच पिशवीत ठेवला.

तेव्हापासून ऑफिसातलं काही घरी सांगायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं. एके दुपारी खरोखरच एक सर्व्हर बंद पडला. दुसऱ्यानं काम उचललं, केसपेपरच्या रांगेतल्या कुणाला कळलंसुद्धा नाही. आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरी ताईंनी नेहमीसारखं विचारलं, "काय झालं आज?"

"काही विशेष नाही."

त्यांनी हातातली कणीक परातीत ठेवली. "रोज हेच सांगतेस. मला वाईट वाटेल म्हणून ना? वाटायचं ते वाटतंच. पण निदान सांग तरी की."

मग मी सगळं सांगितलं. त्या मध्येच विचारत होत्या, स्टोरेज लगेच मिळालं का, आधीचा नीट बंद झाला का. मी उत्तरं देत गेले, परातीकडे बघत. त्यांच्या तोंडाकडे बघायचं धाडस काही झालं नाही.